पहिली गोधडी हाताने शिवताना: रोजच्या अर्ध्या तासासाठी मार्गदर्शन

नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे यांतून ज्यांना रात्री जेमतेम अर्धा तास मोकळा मिळतो, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्या अर्ध्या तासात मन निवावे, हातून काही घडावे आणि दुसऱ्या दिवशी तेच काम आदल्या दिवशी सोडलेल्या जागेवरून सहज पुढे नेता यावे, असे काही आपण शोधत असाल, तर हाताने गोधडी शिवण्याइतके सोयीचे दुसरे काम मला माहीत नाही. चित्रकलेला जागा मांडावी लागते, विणकामात खुणांचा हिशेब ठेवावा लागतो. गोधडीत मात्र एकदा थर नीट बसले की पुढे एकच टाका, एकच रेघ आणि पुन्हा तीच रेघ असते. कुणी हाक मारली तर सुई कापडात टोचून उठता येते आणि परत आल्यावर काहीही आठवावे लागत नाही.

असे असूनही अनेकांची पहिली गोधडी अर्धवट राहून माळ्यावर जाते. याचे कारण बहुधा शिवणाऱ्याच्या हाताच्या कौशल्यात नसते, ते सुरुवातीच्या निवडीत असते: पलंगाएवढा आकार, घसरणारे कापड, गरजेपेक्षा जास्त थर आणि घाईने केलेली मांडणी. म्हणून या लेखात शिवण्याइतकाच भर शिवण्यापूर्वीच्या तयारीवर दिला आहे. पुढील सर्व मापे लहान दुपट्यासाठी, म्हणजे बाळाच्या छोट्या गोधडीसाठी आहेत. पहिले काम म्हणून दुपटेच घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

१. आकार ठरवा आणि हिशेब आधी करा

सहावारी साडी पूर्ण मापाची असेल तर तिची लांबी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच, आणि पन्हा साधारण ४५ इंच असतो. तिचे लांबीत पाच सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा जवळजवळ ४३ बाय ४५ इंचांचा होतो. वरचा एक, खालचा एक आणि मधले तीन असे पाच थर एकाच साडीतून मिळतात, आणि कडा आत दुमडल्यावर सुमारे ४२ बाय ४४ इंचांचे दुपटे तयार होते. म्हणजे पहिल्या कामासाठी एक जुनी सुती साडी पुरते. बाहेरून कापड आणण्याची गरजच पडत नाही. साडी मूळचीच आखूड असेल किंवा तिचे टोक फाटलेले असेल, तर तुकडे ४० इंचांचे करावेत. दुपट्याला त्याने काहीही बिघडत नाही.

आता शिलाईचा हिशेब पाहू. रेघांमध्ये एक इंचाचे अंतर ठेवले तर या आकारात साधारण ४१ रेघा येतात आणि प्रत्येक रेघ ४४ इंचांची असते. एकूण शिलाई सुमारे ४६ मीटर भरते. नवशिक्या हाताला एका रेघेसाठी बारा ते पंधरा मिनिटे लागतात असे धरले, तर अर्ध्या तासात दोन रेघा होतात आणि साधारण वीस बैठकांमध्ये शिलाई पूर्ण होते. आठवड्यातून तीन रात्री मिळाल्या तरी दोन महिन्यांच्या आत दुपटे हातात येईल. एका माणसाच्या अंथरुणाच्या गोधडीला हेच काम जवळजवळ तिप्पट लागते. म्हणूनच ती पहिल्यांदा हाती घेऊ नये.

२. साहित्य जमवा

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत आणि त्या कुठल्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात. पुण्यात तुळशीबागेत एका फेरीत सगळे मिळून जाते.

– एक जुनी, मऊ, सुती साडी, फॉल उसवलेली आणि धुऊन इस्त्री केलेली.
– भरतकामाच्या, लांबट पण फार जाड नसलेल्या पाच-सहा सुया. दुकानदाराला ‘हाताने गोधडी शिवायची आहे’ असे सांगितले की तो योग्य सुई काढून देतो. दाभण घेऊ नये. त्याने जुन्या कापडाला भोके पडतात.
– सहा पदरी भरतकामाचा सुती दोरा. एक लडी आठ मीटरची असते. सहा पदरांतले तीन-तीन पदर वेगळे करून वापरले की एका लडीतून सोळा मीटर दोरा मिळतो, म्हणून एका रंगाच्या पाच लड्या पुरतात. त्या एकाच वेळी घ्याव्यात, कारण पुढच्या खेपेच्या रंगात थोडा फरक पडू शकतो. याऐवजी क्रोशाचा बारीक सुती दोराही चालतो.
– अंगुस्तान, म्हणजे मधल्या बोटात घालायची धातूची टोपी.
– कापडाची धारदार कात्री आणि दोरा कापायची छोटी कात्री.
– मोजपट्टी, लांब लाकडी पट्टी आणि शिंप्याचा खडू.
– कच्च्या टाक्यांसाठी कुठलाही साधा, पण कापडाहून वेगळ्या रंगाचा दोरा.
– जमिनीवर कापड चिकटवण्यासाठी कागदी चिकटपट्टी, थोडे मेण आणि सुया टोचायची उशी.

शिवणयंत्र लागत नाही. यंत्राने गोधडी लवकर होते आणि ती टिकाऊही असते. पण आपल्याला हवा आहे तो निवांतपणा हाताच्या संथ टाक्यात आहे, यंत्राच्या आवाजात तो मिळत नाही. शिवाय घरातले झोपल्यावर यंत्र चालवता येत नाही.

३. कापड पारखून घ्या

गोधडी जुन्या कपड्यांची करतात ती केवळ काटकसरीसाठी, असे अनेकांना वाटते. शिवणाऱ्याच्या दृष्टीने त्याची कारणे याहून ठोस आहेत. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड जेवढे आटायचे तेवढे आटून गेलेले असते, त्याचा कच्चा रंग निघून गेलेला असतो, त्यातली खळ उरलेली नसते आणि धागा मऊ झाल्यामुळे सुई पाच थरांतूनही सहज जाते. नवे कापड यातल्या प्रत्येक बाबतीत अडचण करते. तरीही नवे कापड वापरायचेच असेल, तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावे. न आटलेला एखादा थर आत राहिला तर पहिल्या धुण्यात तो एकटाच आखडतो आणि सगळी गोधडी वेडीवाकडी होते.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरे फडके ओले करून गडद भागावर, विशेषतः लाल, काळ्या आणि गर्द निळ्या काठावर, जोराने घासावे. फडक्यावर रंग उतरला तर तो भाग फिकट कापडाशेजारी लावू नये. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो अशी समजूत घरोघर आहे, पण हल्लीच्या तयार रंगांच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. कापड वारंवार धुऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत वाट पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

त्यानंतर साडी खिडकीतल्या उजेडासमोर धरावी. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेले असते. नेसत्या साडीत हे बहुतेक वेळा टाचेशी घासणारा खालचा काठ आणि निऱ्यांचा भाग असतो. दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणावे. ते चरकन फाटले तर तो तुकडा टाकून द्यावा, आणि नुसता विरळ झाला असेल तर तो मधल्या थरांसाठी ठेवावा. सर्वांत घट्ट विणीचे दोन तुकडे वरच्या आणि खालच्या थरासाठी राखावेत, आणि त्यांतला पदराकडचा तुकडा वर घ्यावा, म्हणजे वेगळ्या सजावटीवाचूनही गोधडीला रूप येते.

टाळायचे कापडही स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. नायलॉन, जॉर्जेट आणि चकचकीत कृत्रिम रेशमाच्या साड्या घरात ढिगाने असतात आणि त्या संपवण्याचा मोह होतो. पण त्या सुईखाली घसरतात, घाम शोषत नाहीत आणि सुती थरांबरोबर धुतल्यावर वेगळ्या वागतात. जरीचा काठ अंगाला टोचतो आणि त्यातून सुई नीट जात नाही, म्हणून तो कापून काढावा. खणाचे कापड दिसायला देखणे असले तरी पहिल्या कामात त्याचा एखादा लहान चौकोन एवढाच उपयोग करावा. धोतर हाताशी असेल तर ते मधल्या थरांसाठी फार उत्तम. ते पांढरे असल्याने त्याच्यामुळे रंग लागण्याचा प्रश्नच येत नाही.

परदेशात राहणाऱ्या वाचकांना जुनी सुती साडी मिळणे अवघड जाते. त्यांनी वापरून मऊ झालेल्या सुती चादरी घ्याव्यात. तिकडे दुकानांत गोधडीच्या आत घालण्यासाठी कापसाचा किंवा पॉलिस्टरचा तयार थर मिळतो. तो वापरल्यास आतले तीनही थर वगळता येतात, मात्र मग होते ती फुगीर रजई. कापडावर कापड दाबून शिवलेल्या गोधडीचा पातळ, जड स्पर्श तिला येत नाही.

४. थर अंथरा: सर्वांत महत्त्वाची पायरी

हे काम सुटीच्या दिवशी, दीड-दोन तास सलग मिळतील तेव्हा करावे. मांडणी रात्री घाईने केली तर पुढच्या वीस रात्री ती चूक सोबत राहते.

फरशी पुसून कोरडी करावी. खालचा थर उलटी बाजू वर येईल असा पसरावा आणि त्याच्या चारही कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. कापड सपाट असावे, पण ताणलेले नसावे; ताणून चिकटवलेले कापड पट्टी काढताच आखडते आणि वरचे थर फुगतात. त्यावर मधले तीन थर एकेक करून पसरावेत. हे तीन थर बाहेरच्या थरांपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच लहान कापलेले असावेत, म्हणजे पुढे कडा दुमडताना जाडी येत नाही. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने निपटत न्यावा. साडीच्या कापडाचा उभा धागा सर्व थरांत एकाच दिशेला असावा, कारण आडवे आणि उभे कापड धुतल्यावर सारखे आखडत नाही. शेवटी वरचा थर सुलटी बाजू वर करून पसरावा.

या वेळी एक चाचणी करावी. एका कोपऱ्यात सुई पाचही थरांतून घालून पाहावी. ती आत ढकलताना बोट दुखत असेल, तर एक मधला थर निःसंकोच काढून टाकावा. चार थरांचे दुपटे पुरेसे उबदार असते, आणि ज्या कामात प्रत्येक टाक्याला जोर लावावा लागतो त्यातून विसावा मिळत नाही. जास्त थर म्हणजे जास्त चांगली गोधडी, हा गैरसमज पहिल्या गोधड्या अर्धवट राहण्यामागचे फार मोठे कारण आहे.

५. कच्चे टाके घाला

वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने, दोन-दोन इंचांचे लांब टाके घालून थर एकमेकांना बांधून घ्यावेत. आधी मध्यातून एक उभी आणि एक आडवी रेघ घालावी, मग मध्यापासून चारही कोपऱ्यांकडे तिरप्या रेघा न्याव्यात, आणि त्यानंतर चार-चार इंचांवर समांतर रेघा घालून सगळे कापड भरून काढावे. प्रत्येक रेघ मध्यापासून बाहेर न्यावी, म्हणजे साचलेली चुणी कडेला निघून जाते. दोरा ओढून घट्ट करू नये.

हे टाके पुढे उसवायचेच आहेत म्हणून ते विरळ घालण्याकडे कल होतो. तसे केल्यास अर्ध्यावर आल्यावर खालच्या थरात दुमड शिवली गेल्याचे लक्षात येते, आणि ती काढायला तीन-चार रात्रींची शिलाई उसवावी लागते. सेफ्टी पिना लावूनही थर धरता येतात, परंतु त्या गुडघ्याला टोचतात आणि दोरा त्यांत अडकतो. माझा कौल कच्च्या टाक्यांनाच आहे.

६. कडा मिटवून घ्या

वरच्या आणि खालच्या थराची कड अर्धा इंच आत, मधल्या थरांवर दुमडावी आणि दोन्ही दुमडी एकमेकींना लहान टाक्यांनी जोडाव्यात. कोपऱ्यात आधी टोक आत दुमडून मग दोन्ही बाजू दुमडल्या की कोपरा चपटा बसतो. ज्यांना रंगीत गोट लावायचा असेल त्यांनी अडीच इंच रुंदीची सरळ पट्टी कापून ती शिलाई पूर्ण झाल्यावर शेवटी लावावी. कडा सरळ असल्याने तिरप्या पट्टीची गरज नाही. गोट लावायचा असला तरी कडा मात्र आधीच मिटवून ठेवाव्यात, कारण रोजच्या हाताळणीत उघड्या कडांचे धागे सुटत जातात.

७. धावदोरा घाला

आता खऱ्या अर्थाने आपला अर्धा तास सुरू होतो, म्हणून या पायरीवर थोडे अधिक लिहितो.

दोरा हातभरापेक्षा किंचित जास्त, म्हणजे वीस ते चोवीस इंच घ्यावा. लांब दोरा घेतला की सुई पुन्हा ओवायचे कष्ट वाचतात असे वाटते, पण तो गुंततो, कापडातून वारंवार घासला जाऊन झिजतो आणि शेवटी तुटतो. लडीतून पदर वेगळे करताना ते एकेक करून ओढावेत आणि मग तीन एकत्र करावेत; तीनही एकदम ओढले तर गुंता होतो. दोऱ्यावरून एकदा मेण फिरवले की तो कापडातून सुळसुळीत जातो.

टोकाला लहान गाठ मारून सुई रेघेच्या सुरुवातीपासून इंचभर अंतरावर फक्त वरच्या थरात घालावी, रेघेवर बाहेर काढावी आणि दोरा हलका झटका देऊन ओढावा. गाठ वरच्या थराखाली जाऊन लपते. मग उजव्या हातातल्या सुईने पाचही थर घ्यावेत आणि डावा तळहात खाली ठेवून सुईचे टोक खालच्या थरातून बाहेर आल्याची खूण बोटाला जाणवू द्यावी. ती जाणवली की लगेच टोक वर वळवावे. अशा रीतीने सुईवर तीन-चार टाके घेऊन मग अंगुस्तानाने सुई पुढे ढकलावी आणि दोरा ओढून घ्यावा. डावखुऱ्यांनी हात बदलून हेच करावे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, असे जुन्या हाताच्या बायका सांगतात, आणि त्याहून चांगले माप मलाही सापडलेले नाही. सुरुवातीला तो दुप्पट मोठा येईल. टाका लहान येण्यापेक्षा सगळे टाके साधारण सारखे येणे आधी साधावे.

दोरा किती ओढावा हे हाताला हळूहळू कळते. प्रत्येक सुईभर टाक्यांनंतर रेघेवरून अंगठा फिरवून कापड सपाट करावे. दोरा जास्त ओढला तर कापडाच्या चुण्या पडतात आणि दुपटे आकसते, सैल राहिला तर धुताना टाके उचकटतात.

रेघा कोणत्या दिशेने घालाव्यात, याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात खडूने एक-एक इंचावर समांतर रेघा आखून मधल्या रेघेपासून सुरुवात करतात आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंना सरकतात. दुसऱ्यात कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन असे आत-आत जातात. आपल्या अनेक गोधड्यांत हाच आतल्या दिशेचा चौकोन दिसतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, याच पद्धतीने कडेकडून मध्याकडे शिवली जाते आणि तिच्या कोपऱ्यांवर कापड दुमडून केलेली ‘फुला’ लावतात. त्या बायकांचा हात इतका बसलेला असतो की कापड मध्यात फुगत नाही. नवशिक्याने मात्र समांतर रेघांचा मार्ग घ्यावा. प्रत्येक रेघ तिथल्या तिथे संपत असल्याने ‘आज दोन रेघा’ असा सोपा ठराव करता येतो, आणि थकलेल्या मनाला असा छोटा, पूर्ण होणारा ठराव फार आधार देतो.

खडूच्या रेघा एका वेळी चार-पाचच आखाव्यात. सगळ्या आधी आखल्या तर हाताळताना पुसल्या जातात. रेघ किंचित वाकडी गेली तर ती उसवू नये. जवळून पाहिल्यावर डोळ्याला खटकणारा अर्धा सेंटिमीटर, शेजारच्या रेघा भरल्यावर कुणालाही दिसत नाही. उसवायची एकच वेळ असते, ती म्हणजे खालच्या थरात दुमड आली तर; म्हणून प्रत्येक रेघेनंतर दुपटे उलटून खालची बाजू पाहावी.

८. अर्ध्या तासाची बैठक बसवा

शिवण्याइतकेच शिवायला बसणे जमवावे लागते. रविवारी पाच-सहा सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या की रोज रात्री थकलेल्या डोळ्यांनी सुई ओवावी लागत नाही. सर्व साहित्य आणि दुपटे एकाच टोपलीत किंवा पिशवीत, हाताशी असावे. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेले काम रात्री दहा वाजता खाली निघत नाही.

उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. रात्रीच शिवायचे असेल तर दोरा कापडाहून उठून दिसणाऱ्या रंगाचा निवडावा. गर्द कापडावर गर्द दोरा दिव्याच्या उजेडात दिसत नाही आणि डोळे दुखतात. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी पाठ भिंतीला टेकवावी, आणि खुर्चीत बसणाऱ्यांनी मांडीवर उशी ठेवून काम वर आणावे, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. दर रेघेनंतर नजर उचलून दूर पाहावे आणि बोटे मोकळी करावीत. ज्यांचा दिवस संगणकासमोर जातो त्यांच्या मनगटाला आधीच ताण असतो. त्यांनी अर्ध्या तासाची मर्यादा उत्साहाच्या भरातही ओलांडू नये.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे मी आवर्जून सांगतो. रेडिओ, गाणी किंवा घरच्यांच्या गप्पा यांच्या सोबतीने शिलाई उत्तम होते, कारण त्यांना डोळे लागत नाहीत. पडद्यावरची मालिका पाहत शिवले तर दोन्हीकडे अर्धे लक्ष राहते आणि सुई बोटात जाते. पहिले दोन-तीन दिवस मन कामात लागणार नाही, राहिलेल्या ईमेल आठवत राहतील. त्या आठवू द्याव्यात आणि टाके घालत राहावे. हाताला लय सापडली की श्वासही आपोआप संथ होतो, आणि एखाद्या रात्री एकच रेघ झाली तरी ती बैठक वाया गेली असे मुळीच समजू नये.

उठताना सुया मोजाव्यात. घरात लहान मूल असेल तर हा नियम एकदाही मोडू नये. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत झोपायला जाऊ नये. जमिनीवर आणि कापडावर लोहचुंबक फिरवला की ती लवकर सापडते.

९. शेवटचे हात फिरवा आणि धुवा

शिलाई संपल्यावर कच्चे टाके काढावेत, गोट लावायचा असल्यास तो लावावा आणि सगळ्या दुपट्यावरून तळहात फिरवून एखादी टाचणी किंवा सुईचा तुकडा आत राहिला नाही याची खात्री करावी. मग साध्या साबणाच्या कोमट पाण्यात ते एकटेच धुवावे. पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि दोन समांतर दोऱ्यांवर वजन वाटून सावलीत वाळत घालावे. वाळल्यावर टाक्यांच्या मधले कापड किंचित उचलले जाऊन बारीक सुरकुत्या दिसू लागतात. काही बिघडले असे समजून त्यांवर इस्त्री फिरवू नये, कारण गोधडीचा मऊपणा त्या सुरकुत्यांतच असतो.

दुपटे तान्ह्या बाळासाठी असेल तर एक सूचना पाळावी. वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे दुपट्याचा उपयोग बाळ जागे असताना त्याच्याखाली अंथरण्यासाठी किंवा मोठ्यांच्या नजरेसमोर मांडीवर घेण्यासाठी करावा. ठेवणीत टाकताना डांबरगोळ्या न घालता कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावे, आणि पावसाळा संपल्यावर एकदा कोवळे ऊन दाखवावे.

१०. ठिगळांची गोधडी करायची असेल तर

पहिले दुपटे झाल्यावर अनेकांना रंगीत ठिगळांची ओढ लागते. त्यासाठी साडेचार इंचांचे चौकोन कापावेत. चारही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत गेले की चार इंच उरतात. नऊ ओळींत नऊ याप्रमाणे ८१ चौकोनांचा ३६ इंचांचा वरचा थर होतो. चौकोन जोडण्याचे काम दुपारच्या सुटीत किंवा दवाखान्यात नंबर येईपर्यंतही करता येते, कारण एका वेळी दोनच तुकडे हातात असतात. वडिलांचा सदरा, मुलीचा शाळेचा फ्रॉक, आजीच्या लुगड्याचा काठ अशी कापडे यात आणावीत, मात्र ती सगळी सुती आणि साधारण सारख्या जाडीची असावीत. जीन्सचा एकच चौकोनही सुईला अडवतो.

११. पुढे मोठी गोधडी घेताना

एका माणसाच्या गोधडीसाठी ६२ इंच लांबीचे तुकडे कापून दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले की सुमारे ६२ बाय ८९ इंचांचा एक थर होतो. पूर्ण सहावारी साडीतून असे तीन तुकडे निघतात, म्हणून दोन साड्यांत तीन थर बसतात. नऊवारी लुगडे पूर्ण नऊ वार, म्हणजे ३२४ इंच असेल, तर त्यातून पाच तुकडे मिळतात आणि दोन लुगड्यांत पाच थरांची अख्खी गोधडी होते. सगळ्या थरांचा जोड मधोमध एकावर एक आला तर तिथे सुई जात नाही. म्हणून एका आड एक थरात एका तुकड्याचे उभे दोन भाग करून ते दुसऱ्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लावावेत, म्हणजे जोड बाजूला सरकतात. आतल्या थरांत तर जोडशिवणही नको. कडा इंचभर एकमेकींवर ठेवून कच्चे टाके घातले तरी पुरते.

आणि मोठी गोधडी स्वतः शिवायला सवड नसेल, तर जुन्या साड्या देऊन ती गोधडी शिवणाऱ्या बायकांकडून करून घ्यावी. अशा गोधडीत सव्वाशे मीटरहून अधिक हातशिलाई असते. दुपटे शिवून झालेल्या माणसाने तिच्या मजुरीत घासाघीस करू नये.